घाई करू नको, म्हाराजा

माझ्या आजारपणाची गोष्ट सांगायची तर ती आजारापासून नाही, बरं होण्यापासून सांगावी लागेल. आजारी पडायला काय, कुणीही पडतं. बरं होणं कठीण होतं. त्यातून आमच्या घरात तर फारच.

तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप होऊन काही वर्षं झाली होती. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. काही गिरण्यांचे भोंगे हळूहळू वाजायला लागले, काहींचे वाजलेच नाहीत. आमच्या ह्यांची गिरणी डिलाईल रोडला, तिचा भोंगा वाजला नाही. माझी गिरणी परळला, ती अर्धीमुर्धी सुरू झाली. मी वायंडिंग खात्यात होते. सूत बाबीनवरून पुठ्ठ्याच्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं, धागा तुटला की गाठ मारायची, की पुन्हा सुरू. खातं सगळं बायकांचं. मला परत घेतलं आणि ह्यांना नाही, म्हणजे घरात उलटंच झालं. हे शिवडीच्या गोदामांवर माल उतरवायला जायचे. काम असलं तर असलं, नसलं तर नाक्यावर उभं राहून यायचे. घरात ठरलेला पैसा फक्त माझा.

आणि नेमका मलाच खोकला लागला. आधी वाटलं, रुईचा असेल. खात्यात रुई एवढी उडायची की संध्याकाळी भुवया पांढऱ्या व्हायच्या. सगळ्याच खोकायच्या. पण माझा थांबेना, ताप उतरेना, साडी नेसताना निऱ्या रोज एक-एक जास्त यायला लागल्या. विम्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. चाळीत तो शब्द कुणी उच्चारायचं नाही. "हिच्या छातीचं आहे," एवढंच म्हणायचे, आणि पुढचं डोळ्यांनी बोलायचे.

विम्याचं एक बरं होतं. पगारातून आमचे पैसे कापून घ्यायचे ते अशा वेळी कामाला यायचे. मोठा आजार असला की घरबसल्या पैसे मिळायचे, औषध मिळायचं, फक्त दवाखान्याची चिठ्ठी वेळेवर द्यायची. पगाराएवढे नाहीत, पण चूल पेटायची. आणि चाळीत सगळे म्हणायचे की आजारी माणसाला गिरणीवाला काढू शकत नाही. तेव्हा तर रोज नवीन अफवा यायची. आज म्हणे रात्रपाळी बंद, उद्या म्हणे बायकांची खाती आधी काढणार. धडधाकट बायका गिरणीत जीव मुठीत धरून उभ्या असायच्या, आणि मी खाटेवर सुरक्षित!

आता माझ्या सासूबद्दल सांगते. सासू माझी मालवणकडची. मी तिला आये म्हणायची. अंगाने काडी, पण बुद्धी विळ्यासारखी. मी आजारी पडल्यावर तिने सगळ्यात आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्या कोकणातल्या लोकांत हे असतं. घरावर काही आलं की नारळ ठेवायचा, चार माणसं जमवायची, एका जाणत्याने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. चाळीत हा मान खालच्या मजल्यावरच्या आबांचा. आबा म्हातारे, आवाज खणखणीत. एका रविवारी आमच्या खोलीत देवासमोर ते उभे राहिले. मागे आठ-दहा गाववाले, दारात बायका, मी खाटेवर भिंतीला टेकून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या घरात जो काय आजार इलो हा, तो भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरच्या सुनेक आपल्या पायार उभी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढ्यात सासूने मागून आबांचा सदरा ओढला. "आबा, घाई नको म्हणून सांगा."

आबांनी वळून पाहिलं. "काय?"

"सवकाशीन बरी कर म्हणून सांगा. गिरणीत माणसा कमी करतत. आजारी माणसाक काढूक येना नाय."

"गो, देवाक असा सांगतत?"

"सांगा हो! तो काय परको हा?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. आबांनी क्षणभर विचार केला. त्यांचाही मुलगा गिरणीतून घरी बसलेला, त्यांना अडचण कळत होती. पुन्हा देवाकडे वळले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि म्हाराजा! बरी कर, पण सवकाश कर! घाई करू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा.

मी खाटेवर तोंडात पदर कोंबून हसत होते. हसता हसता खोकला आला, तशी सासू माझ्याकडे समाधानाने बघायला लागली.

औषध मात्र देवाचं ऐकणारं नव्हतं. इंजेक्शनं झाली, मुठीमुठीने गोळ्या झाल्या. लघवी लाल व्हायची, तोंडाला चव नसायची. पण पावसाळा सरता सरता ताप गेला. भूक लागायला लागली. एके दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथीकडे हात गेला तशी सासूने टोपलीच उचलली. म्हणाली, "दमान! कोणी बघितला तर काय म्हणतीत?"

तिथून माझी पंचाईत सुरू झाली. मला कुणी काही करू देईना. गौरीला सगळ्या बायका फुगड्या घालत होत्या आणि मला कोपऱ्यात स्टूल. "तू बस गं, तू बस." नळावर माझी बारी आली की कुणीतरी हंडा हातातून काढून घ्यायचं. पूर्वी त्याच नळावर ह्याच बायका माझ्याशी हमरीतुमरीवर यायच्या, आता सगळ्यांचे आवाज लोण्यासारखे. भांडण चालू असलं आणि मी गॅलरीत आले की गप्प व्हायच्या. मेलेल्या माणसाच्या घरी जसं बोलतात तसं माझ्याशी बोलायच्या. मी घाबरले ते आजाराने नाही, ह्या गोड बोलण्याने. वाटायचं, ह्यांना माझ्याविषयी काही माहीत आहे की काय जे मला माहीत नाही.

रात्री हळूच ह्यांना म्हटलं, "मला आता कामावर जायचंय."

हे कूस बदलून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "गेलीस आणि गेटवरूनच परत पाठवलं तर? चिठ्ठी एकदा बंद झाली की हेही बंद. माझ्या कामाचं तू बघतेसच."

ते चिडून बोलले नाहीत, हे जास्त लागलं. संपाआधी हा माणूस कोणाला भ्यायचा नाही. आणि खरं सांगायचं तर भीती मलाही होती. रुईत परत उभं राहायचं, छाती टिकेल का? पुन्हा उलटलं तर? घरी बसलेल्या बाईचे पैसे तरी येत होते. कामावर गेलेली, दमलेली, हाकललेली बाई म्हणजे काय, तर चुलीवर पाणी.

तरी मला जायचं होतं. कारण विचाराल तर एवढंच सांगेन, की मी बरी होते आणि आजारी बाईची जागा अडवून बसले होते. असं बसून बसून माणूस खरंच आजारी पडतं.

दवाखान्यात पुढच्या तपासणीला सासू माझ्याबरोबर आली. एरवी हे यायचे. त्या दिवशी तिने स्वतःहून लुगडं बदललं, तेव्हाच मी ओळखलं. रस्ताभर मला शिकवत होती. "डॉक्टरीन विचारल्यान, तर रात्रीचो दम लागता म्हणून सांग. खोटा नाय ता. मागे लागा होतो." छातीची डॉक्टरीण दुसऱ्या मजल्यावर बसायची. सासूचे गुडघे दुखायचे, म्हणून मी तिचा हात धरला आणि जिना चढवला. मध्ये एकदा ती थांबली, मी खांद्यावरची पिशवी सावरली आणि पुन्हा तिला ओढली.

डॉक्टरीणबाई तोंडाने कडक होती, पण हात हलका. नवा फोटो खिडकीच्या उजेडात धरून तिने जुना त्याच्या बाजूला धरला. मला म्हणाली, "बघा. इथे डाग होता. आता बघा."

मला फोटोतलं काय कळणार? पण ती दाखवत होती ती जागा स्वच्छ होती, एवढं मलाही दिसलं.

सासू पुढे झाली. "पण डॉक्टरीणबाय... हिका... रातचो... दम..." आणि पुढे तिला बोलताच येईना. छाती भात्यासारखी वरखाली.

डॉक्टरीणबाईने चष्म्यावरून पाहिलं. "आजी, दम तुम्हाला लागलाय. ही बघा, हिला घामसुद्धा नाही. बसा आधी." आणि नर्सला सासूसाठी पाणी आणायला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. लागतो दम?"

सासू पाण्याच्या पेल्यावरून माझ्याकडे बघत होती. तिची नजर रागाची असती तर बरं झालं असतं. विनवणीची होती. मी एक शब्द बोलले असते तर आणखी काही महिने चूल सांभाळली गेली असती.

"नाही लागत," मी म्हणाले.

"कामावर जाल?"

"जाते."

"नाकावर फडकं बांधायचं. गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. खायचं पोटभर." असं म्हणत तिने कामाला फिट असल्याचं लिहून दिलं. मी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, देवळात अंगारा घेतात तसा.

परतताना सासूने माझा हात धरला नाही, कठडा धरून एकटी जिना उतरली. घरी आल्यावर चहा केला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि मग बोलली. "फिट झालंस ता झालंस. पण देवाक आपण सांगितलेला हा, घाई करू नको. आता तूच घाई केलंस. देवाचो शब्द मोडून गिरणीत पाय ठेवलंस आणि काय झाला, तर?"

मी हसणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून हसू आलं नाही. ती खरंच घाबरली होती. गिरणीला, साहेबाला ती कधी भेटली नव्हती. देवाशी तिची ओळख होती. म्हणून तिची सगळी भीती तिकडे जाऊन बसली.

मग पुन्हा नारळ आला. पुन्हा आबा. आबांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "गो बाय, देव काय गिरणीचो टायमकीपर हा? तेवा सांगूचा सवकाश कर, आता सांगूचा बेगीन कर! माझा तोंड रवला काय त्याच्यापुढे?"

"नारळ मोठो आणलंय," सासू म्हणाली.

आबांनी नारळ हातात घेतला, कानाशी धरून हलवला. पाणी चांगलं होतं. "बरा," म्हणाले, "विचारून बघतंय."

"बा देवा म्हाराजा! मागे जा काय अडाण्यासारखा बोललंव, ता परत घेतलंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सून कामावर चलली हा, तिचा काम ऱ्हावा दे, तिचो श्वास ऱ्हावा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मी खाटेवर नव्हते. मीही उभी राहून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले. गेटवर कागद बघितला, आत पाठवलं, खात्यात गेले. आवाज आणि रुई अंगावर आली तसं मी फडकं नाकावर घट्ट बांधलं, आणि हात लावला तर बोटांना काही विसर पडला नव्हता. पहिला धागा तुटला आणि गाठ आपोआप बसली.

आमच्या खात्यात एक रीत होती. कुठे लिहिलेली नाही. बाळंतपणाहून किंवा मोठ्या दुखण्यातून बाई परत आली की नायकीण, म्हणजे आमच्यावरची बाई-मुकादम, तिला अर्ध्याच चात्या द्यायची, म्हणजे मशिनीवरचे अर्धेच कोन सांभाळायला. उरलेल्या अर्ध्या तिच्या दोन्ही बाजूच्या बायका वाटून घ्यायच्या, स्वतःच्या सांभाळून. कुणी उपकार म्हणायचं नाही. आणि परत कधी घ्यायच्या हे ठरलेलं नसायचं. पण आता काळ बदलला होता. खात्यावर नवा साहेब आला होता. नायकीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "जास्त दिवस नाही चालायचं हं. ज्या बाईला मशिनीची पूर्ण बाजू झेपत नाही ती त्याला नकोच आहे. नावं शोधतोय तो." म्हणजे पहिल्याच दिवशी मला कळलं की कामावर घेतलंय, पण ठेवलंय की नाही हे अजून ठरायचंय.

माझ्या डाव्या बाजूला एक कोळीण होती. शिवडीची. तिच्या घरचे मासे विकायचे, ही एकटी गिरणीत. आवाज असा की मशिनींवरून ऐकू यायचा. आजारपणाआधी आमचं दोघींचं एकही दिवस पटलं नव्हतं. चांगल्या बाबीनची पेटी कुणाकडे आधी आली, पंख्याचा वारा कुणी अडवला, कशावरूनही. पण मी आजारी असताना तीच दोनदा चिंबोऱ्यांचा रस्सा घेऊन चाळीत आली होती आणि माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलली होती की मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

परत आल्यावरही तिचं तेच. "बस बाय. राहू दे बाय. मी बघतंय." माझ्या चात्या सांभाळताना तिची धावपळ मला दिसत होती. दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. मागाव्यात का माझ्या चात्या? आणि मागून नाही जमल्या तर? साहेब तिथेच फिरत असायचा. अर्ध्या चात्यांवर किती दिवस लपणार, आणि पूर्ण घेऊन पडले तर लगेच दिसणार. फडक्याच्या आत मी स्वतःचा श्वास ऐकत उभी राहायची. प्रत्येक श्वास तपासायचा. जरा घसा खवखवला की साहेब कुठे आहे ते बघायचं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतरची गोष्ट. मी रिकाम्या बाबीनची टोपली सरकवली ती सरळ कोळणीच्या पायावर. आणि ती फिरली.

"क गो! डोले फुटले क काय तुजे?"

मी बघतच राहिले.

"बघतीस काय? तुजं नि माजं करून मी हितं मरतंय, नि ही अर्ध्या चात्या घेऊन राणीसारखी उभी! मना काय नोकर समजलीस?"

"कुणी सांगितलं होतं तुला घ्यायला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगं बाई! आता तोंड फुटलं! एवढे दिवस मेली कशी मांजरासारखी! घे, घे तुज्या चात्या! मोड तुजी कंबर!"

"देच! तुझ्या हाताचे कोन बघ, बटाट्यासारखे झालेत सगळे! माझ्या बाजूची अब्रू घालवलीस!"

"बटाटे? माजे बटाटे?"

काय सांगू तुम्हाला! मी फडकं खाली ओढलं आणि अशी सुटले की विचारू नका. वर्षभर नळावर, गॅलरीत, गौरीला जे गिळलं होतं ते सगळं त्या कोळणीच्या वाट्याला आलं. ती एक बोलली की मी दोन. मशिनींच्या वरून. आणि हात दोघींचे चालूच, कारण हात थांबवून भांडायची आमच्या खात्यात पद्धत नव्हती. भांडता भांडता मी माझ्या बाजूच्या टोकापर्यंत गेले, तुटलेले धागे जोडत, परत आले, पुन्हा गेले. समोरच्या ओळीतल्या बायका हसून हसून धाग्यांकडे बघेनात, तशी नायकीण त्यांच्यावर ओरडली. आमच्यावर नाही.

कोळीण मध्येच थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "दम नाय लागला तुला," म्हणाली, तिच्या नेहमीच्याच आवाजात. आणि आपल्या मशिनीकडे वळली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पूर्ण बाजू चालवतेय. श्वासाकडे लक्षच नव्हतं माझं. त्याने आपलं काम केलं होतं, मी माझं.

पाळी सुटायच्या आधी साहेब ओळीतून गेला. माझ्या मशिनीपाशी जरा थांबला, कोन बघितले, पुढे गेला. एवढंच. नायकीण त्याच्या मागून चालली होती. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती गिरणीही बंद पडली, ते दुःख सगळ्यांचं होतं. पण त्या दिवशी मी माझ्या जागेवर राहिले, आणि चिठ्ठीसाठी दवाखान्यात पुन्हा जावं लागलं नाही.

घरी आले तर सासू दारातच बसलेली. दोन दिवस ती अशीच बसायची आणि मी आले की काही न विचारता नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. त्या दिवशी मी चपला काढायच्या आधीच सांगितलं, "आये, आज मी त्या कोळणीबरोबर भांडले."

"कोण? ती रस्सो घेऊन इलली?"

"तीच."

"तीच बोलली, काय तू पण बोललंस?"

"दोघी."

"खोकलो?"

"एकदापण नाही."

सासू उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. मला वाटलं रागावणार, ज्या बाईने रस्सा दिला तिच्याशी भांडतेस म्हणून. ती गॅलरीत गेली, कठड्याला टेकली आणि खालच्या मजल्यावर हाक मारली.

"आबा! ओ आबा! आयकलास काय? आमच्या सुनेन आज गिरणीत भांडाण केल्यान! अर्धो तास! एका दमात!"

अर्धा तास काही नव्हतं ते. मी आपल्या चपला काढून आत ठेवल्या. खालून आबांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण तोवर शेजारच्या दोघी बाहेर आल्या होत्या आणि सासू त्यांना पहिल्यापासून सांगायला लागली होती.